गिळलेला खोकला

तिचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर आले तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं ते एवढंच, की हात गार आहेत आणि त्यांना वजन नाही. दोरीवर वाळत टाकलेल्या पंच्यासारखे ते नुसते अडकलेत. लग्न होऊन आल्यापासून नलिनीनं मला हात लावला असेल तर तो सणावारी पायांना, तोही बोटांच्या टोकांनी. एरवी आमच्या दोघींमध्ये कायम हातभर जागा असायची. ती जागा मी ठेवली म्हणा, तिनं राखली म्हणा. सोवळ्याच्या घरात अशी जागा असावीच लागते, आणि ज्यांच्या घरात ती नसते त्यांच्या सासवा-सुना पुढं एकमेकींच्या झिंज्या धरतात हे मी बघितलेलं आहे. आता दोन लाकडी स्टुलं समोरासमोर मांडून आम्हाला गुडघ्याला गुडघा लावून बसवलं होतं. तिची पाठ उघडी, पदर पुढं पोटाशी गोळा केलेला, मान खाली, आणि तिचं कपाळ माझ्या गळ्याच्या हाडापासून बोटभर लांब. तेवढं बोटभर अंतर तिनं अजून धरून ठेवलं होतं. "टेकू द्या अम्मा त्यांना, असं अधांतरी कुठवर बसतील," नर्स कमलम्मा म्हणाली, आणि तिनं मागून नलिनीचं डोकं हलकंच पुढं ढकललं. कपाळ माझ्या अंगाला लागलं. ते मात्र गरम होतं.

खरं तर हे काम माझं नव्हतं. वॉर्डात पेशंटला धरून बसणारा एक माणूस आहे, पण त्या दिवशी दर्ग्याच्या उरुसाची संदलची मिरवणूक होती आणि तो तिकडं गेला होता. निम्मं गुलबर्गा तिकडंच गेलं होतं. दवाखान्याच्या भिंतीपलीकडनं टांग्यांचा आणि ताशांचा आवाज सारखा येत होता. डॉक्टरांनी आधी प्राणेशकडं बघितलं. प्राणेश माझा मुलगा, मिडल स्कुलात मास्तर आहे, वर्गात आवाज मोठा असतो म्हणतात. आईसमोर बायकोला असं पोटाशी धरून बसायचं, तेही परक्या माणसांत, हे त्याच्यानं होणार नव्हतं. आणि झालं असतं तर ते मला बघवलं नसतं. आमच्यात नवरा-बायको वडीलधाऱ्यांसमोर एका चटईवरसुद्धा बसत नाहीत. त्यानं फरशीकडं बघितलं, शहाबादी फरशीत जणू त्याला कुणी उत्तर लिहून ठेवलंय. "मी भाहेर थांबतो, अक्का," म्हणाला. आईला तो अक्काच म्हणतो. "थांब," मी म्हणाले, "आन दार लोटून घे. सुई बघून तूच पडलास तर डॉक्टरांनी कुणाकुणाला उचलायचं." तो गेला. मग डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि मी माझं स्टूल स्वतःच ओढून घेतलं. कुणी सांगायची वाट मी कधी बघितलेली नाही.

डॉक्टर गुरुशांतप्पा म्हणजे लिंगायताचा तरुण पोरगा, हैदराबादेत शिकून आलेला. बोलतो मराठी, पण मधेच कानडी येते, मधेच हैदराबादची बोली, जसं या भागात सगळ्यांचंच होतं. आदल्या दिवशी त्यानं छातीचा फोटो खिडकीच्या उजेडासमोर धरून मला दाखवला होता. एका बाजूला काळं, त्यात बरगड्या, सुपाच्या काड्यांसारख्या. दुसऱ्या बाजूला खालपासून अर्ध्यावर नुसतं पांढरं. "हे पाणी अम्मा. फुप्फुसात न्हाई, फुप्फुसाच्या भाहेर. फुप्फुस आणि बरगड्यांच्या मधी साठलंय. म्हणून फुप्फुस दबलंय, म्हणून दम लागायलाय." मी म्हणाले, "मग काढा की." तो म्हणाला काढायचंच आहे. मी म्हणाले, "काढताना काय काय बिघडतं ते सांगा. गोड बोलायचं कारण न्हाई. गोड बोलणारे वैद्य आमच्या गावाकडं, जनवाड्यात बी हुते." तो हसला, पण सांगितलं त्यानं सगळं. सुई जास्त पुढं गेली तर फुप्फुसाला टोचते, मग त्यातली हवा भाहेर झिरपते आणि फुप्फुस आणखी मिटतं. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेनं रक्ताची शीर जाते, म्हणून सुई नेहमी बरगडीच्या वरच्या कडेवरनं घालायची. शीर फुटली तर छातीत रक्त साठतं. कुणाला नुसत्या भीतीनं घेरी येते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे घाई. बरेच दिवस दबून राहिलेलं फुप्फुस एकदम मोकळं केलं की ते फुलतं, आणि फुलता फुलता त्याच्या स्वतःच्या आतच पाणी सुटतं. मग माणूस बाहेरच्या नाही, आतल्या पाण्यात बुडतो. "म्हणून आज थोडं, पुढच्या आठवड्यात थोडं. आहिस्ते आहिस्ते." मला ते पटलं नाही. भांडं रिकामं करायचं तर पालथं करावं, अर्धं ठेवून काय मिळतं, असं मी म्हणाले. त्यावर तो काही बोलला नाही. न बोलणारी माणसं मला आवडत नाहीत, त्यांच्याशी भांडता येत नाही.

आता तो पाठीमागं बसला होता आणि मला त्याचं फक्त कपाळ दिसत होतं. त्यानं आधी नलिनीच्या पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटानं ठोकून बघितलं. वर पोकळ आवाज, खाली येता येता बद्द. ही रीत मला माहीत होती. कणगीवर कुणी थाप मारली की धान कुठवर आहे ते मी दारातून सांगत असे. "इथं," तो म्हणाला. मग आयोडीनचा वास आला. मग नलिनीला म्हणाला, "ऐका बाई. आधी बधिर करायची सुई, ती मुंगी चावल्यागत लागंल. मग मोठी सुई, ती फक्त दाबल्यागत वाटंल. बोलायचं न्हाई, हलायचं न्हाई, खोकायचं न्हाई. सुई आत असताना खोकलं तर फुप्फुस येऊन सुईला लागतं. पण खोकला दाटून आला, छातीत आवळलं, डोळ्यापुढं अंधारलं, तर लपवायचं बी न्हाई. बोटानं ह्यांच्या खांद्यावर टकटक करायचं. मी तिथल्या तिथं थांबतो. कळलं का?" नलिनीनं मान हलवली. "मला तुमचं तोंड दिसत न्हाई," तो म्हणाला, "अम्मा, तोंड तुमच्याकडं." तोंड माझ्याकडं. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडाकडं किती वेळा बघितलं असेल. हाताकडं बघत होते मी, हाताखालच्या कामाकडं. तोंड बघायचं काम पडलं नव्हतं.

सुई गेली तेव्हा तिची बोटं माझ्या खांद्यावर एकदा आवळली आणि परत सुटली. आवाज नाही. कमलम्मानं रबरी नळीचं टोक काचेच्या बाटलीत सोडलं आणि त्यातनं एरंडेलाच्या रंगाचं पाणी येऊ लागलं, थेंब थेंब, मग दोऱ्यासारखं. एवढं निर्मळ दिसणारं काहीतरी माणसाला मारायला निघालं होतं, याचं मला नवल वाटलं, भीती नाही वाटली. थोड्या वेळानं तिचा श्वास बदलला. आधी तो माझ्या मानेवर तुटक तुटक लागत होता, कुत्र्याच्या पिलाचा लागतो तसा. आता लांब लागायला लागला. मला बरं वाटलं. काम होत असलं की मला बरं वाटतंच. "येऊ द्या सगळं," मी म्हणाले, "आलंच हाय तर अर्धवट ठेवू नका." डॉक्टर मागून म्हणाला, "अम्मा, तुम्ही फक्त तोंड बघा." एवढ्या वर्षांत माझ्या घरात मला असं कुणी बोललं नव्हतं. पण हे माझं घर नव्हतं.

आवाज न करणं हे तिला मी शिकवलं असं प्राणेश एकदा म्हणाला, फोटो काढून आणल्याच्या संध्याकाळी, भिंतीकडं तोंड करून. मी म्हणाले, व्हय, शिकवलं, त्यात लाजायचं काय. जनवाड्याला माझ्या सासूबाईंच्या हाताखाली मी स्वयंपाकाला उभी राहिले तेव्हा पहिल्याच श्रावणात नैवेद्याच्या स्वयंपाकात मला खोकला आला. एकदाच, तोही तोंड फिरवून. सासूबाईंनी काही म्हटलं नाही, सगळा स्वयंपाक उचलून गाईपुढं घातला आणि मला परत नाहायला पाठवलं. ओल्या लुगड्यानं मी सगळं पुन्हा रांधलं आणि घरचे पुरुष दिवस कलल्यावर जेवले, माझ्याकडं न बघता. देवाला दाखवायच्या अन्नावर श्वाससुद्धा जोरानं टाकायचा नसतो, खोकल्याची गोष्ट लांब. मग मला जमलं. हनुवटी गळ्याशी दाबायची, जीभ टाळूला लावायची, श्वास नाकानं चमच्या-चमच्यानं घ्यायचा आणि डोळे एकाच जागी, पातेल्याच्या काठावर लावून ठेवायचे. खोकला वर येतो, तिथंच घुटमळतो आणि बाहेर वाट नाही म्हटल्यावर परत जातो. हे मी नलिनीला तोंडानं कधी सांगितलं नाही. तिनं बघितलं आणि घेतलं. आणि माझ्यापेक्षा चांगलं घेतलं. गेल्या श्रावणात बाभळीची ओली लाकडं मिळाली, चुलीतनं नुसता धूर, माझे डोळे चुरचुरले, मी दोनदा बाहेर येऊन खोकून गेले. ती हलली नाही. पुरणाचा घाट संपेपर्यंत ओठ मिटून बसली, कानशिलं लाल झालेली, कपाळावर घाम. शेजारच्या इंदुताईंना मी म्हणाले, सून असावी तर अशी. तेव्हा तिला ताप येत होता असं आता सगळे म्हणतात. असेल. चुलीपुढं बसलेल्या बाईचं अंग गरमच असतं. पहिल्यांदा या दवाखान्यात आणलं तेव्हा डॉक्टरनं विचारलं, खोकला कधीपासून आहे, आणि ती म्हणाली, खोकला न्हाई. मीही म्हणाले, खोकला न्हाई तिला, आमच्या घरात तिचा खोकला कुणी ऐकलेला न्हाई. आणि हे खोटं नव्हतं. डॉक्टरनं आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि फोटो काढायला सांगितला.

बाटली पाव भरली असेल. कमलम्मानं चिमट्यानं नळी धरून धार बारीक केली. डॉक्टर तिला कानडीत काही सांगत होता, मग हैदराबादच्या कॉलेजातलं काही, ती हसली. माझ्या अंगावर नलिनीचं कपाळ जड झालं होतं. तिच्या केसांना तिच्या माहेरच्या करडईच्या तेलाचा वास येत होता. हा वास मी घरात ओळखत होते, पण तो तिचा आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला वाटायचं ते देवघरातल्या समईचं तेल. तिची मुलगी, माझी नात, आळंदला तिच्या आजोळी पाठवली आहे, रोग लागू नये म्हणून, आणि तिथनं निरोप येतो की पोर रात्री उठून बसते. हे नलिनीला कुणी सांगितलेलं नाही. सांगून तिनं काय केलं असतं. ऐकून मान हलवली असती.

एकदा ती अशीच माझ्या जवळ होती, पण तेव्हाही अंगाला अंग लागलेलं नव्हतं. ते रझाकारांचं साल. जनवाड्याच्या वरच्या अंगाला ज्वारी पुरुषभर उंच उभी होती आणि आम्ही बायका त्या ताटांत बसलो होतो, गाडीवाटेवरनं घोड्यांचा आणि माणसांचा आवाज जाईपर्यंत. नलिनी नवी नवरी, हातात हिरवा चुडा. बांगडी वाजू नये म्हणून तिनं दोन्ही हात मांड्यांत दाबून धरले होते. ज्वारीच्या पानांवरची कूस, ती बारीक काटेरी लव, घशात जाते, चिमटा घेतल्यागत होतं. माझ्या नणंदेला राहवेना, मी तिच्या तोंडात पदराचा बोळा कोंबला. नलिनीला काही कोंबावं लागलं नाही. तिची हनुवटी गळ्याला टेकलेली, डोळे एका ढेकळावर. नाकाच्या पाकळ्या फुलत होत्या आणि मिटत होत्या. मी तिच्याकडं बघून मनात म्हणाले, ही घर राखील. पुढं सगळं शांत झालं, लष्कर आलं, गेलं, आम्ही जनवाडा सोडून हुमनाबादेहून लॉरीत सामान टाकून गुलबर्ग्याला आलो, प्राणेशला नोकरी लागली, आणि तो विचार तसाच राहिला. चांगल्या सुनेबद्दल एकदा मत झालं की परत परत बघायची गरज नसते. हेच मी आतापर्यंत धरून चालले होते.

आणि मी खाली बघितलं तर तेच तोंड माझ्यासमोर होतं. हनुवटी गळ्याशी दाबलेली. डोळे माझ्या लुगड्याच्या काठावर, एका जागी, पापणी न हलवता. नाकाच्या पाकळ्या फुलत होत्या आणि मिटत होत्या. ओठ इतके आवळलेले की त्यांचा रंग गेला होता, आणि मग दिसलं की रंग नुसता गेला नव्हता, दुसरा आला होता, पिकल्या जांभळाच्या सालीसारखा. तिच्या अंगात आतल्या आत एक धक्का बसला, लगेच दुसरा. तो माझ्या अंगाला लागला. बाहेर काही नाही. डॉक्टरचं कपाळ तसंच शांत, धार तशीच चालू. मी तिच्या बोटांकडं बघितलं. बोटं माझ्या खांद्यावर पडलेली होती, उघडी, सरळ, एकही हलत नव्हतं. तिला सांगितलं होतं टकटक करायला. तिनं मान हलवली होती. पण ज्या खांद्याला तिनं आयुष्यात हात लावला नाही त्या खांद्यावर ती बोट कसं ठोकणार होती. सासूच्या अंगावर टकटक करून, मला होत नाही, थांबवा, असं सांगायचं म्हणजे काय, हे त्या डॉक्टरला ठाऊक नव्हतं. तो लिंगायताचा, त्यांच्या घरात काय असतं मला माहीत नाही. मला आमचं माहीत होतं.

आणि खरं सांगायचं तर मला क्षणभर बरं वाटलं. हे सांगायला मला काही वाटत नाही. मला वाटलं, काय धरलंय पोरीनं. अजून थोडं धरील, बाटली भरेल, एकदाचं संपेल, परत इथं यायला नको, परत हे गुडघ्याला गुडघा लावून बसायला नको. खोकल्याला मी ओळखते, तो वर येतो, घुटमळतो आणि जातो. मी वाट बघितली जायची. तो गेला नाही. तिसरा धक्का बसला, आणि त्याबरोबर तिच्या छातीतून एक आवाज आला, आतून आलेला, उकळत्या पातेल्याच्या झाकणाखाली बुडबुडा फुटतो तसा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण डोळे काठावरनं हलले नाहीत. मला समजलं की ती जाईल. अशीच, काठाकडं बघत, ओठ मिटून, माझ्या अंगावर जाईल, आणि मागं बसलेल्यांना कळणारसुद्धा नाही, आणि लोक म्हणतील किती शांतपणे गेली.

माझ्या तोंडात आलं होतं, खोक. मी म्हटलं असतं तर तिनं ऐकलं असतं, माझं तिनं नेहमी ऐकलं. पण सुई आत होती. सुई आत असताना खोकली तर फुप्फुस सुईला येऊन लागतं, हे त्यानं एकदाच सांगितलं होतं आणि मी एकदाच ऐकलं होतं, मला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. म्हणून मी डॉक्टरला म्हणाले, "सुई काढा." तो म्हणाला, "टकटक केलं त्यांनी?" मी म्हणाले, "न्हाई." "मग अम्मा, अजून थोडं—" "ती करणार न्हाई. मरंल पर करणार न्हाई. मी सांगायलेय, काढा." माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, कमलम्मानं नळी दाबली आणि डॉक्टरनं सुई ओढून काढली, जागेवर बोळा दाबला आणि स्टुलावरनं उठून पुढं आला. त्यानं तिचं तोंड बघितलं. त्याच्या तोंडावर जे पोरकट काहीतरी होतं ते तिथल्या तिथं गेलं. "खोका बाई. आता खोका. जोरानं."

ती खोकली नाही. सुई निघाली होती, डॉक्टर सांगत होता, कमलम्मा तिच्या पाठीवर थापटत होती, खोका खोका म्हणत होती, आणि ती नाकानं चमच्या-चमच्यानं श्वास घेत होती. तो श्वासही आता आत जात नव्हता. तिनं डोळे काठावरनं उचलले आणि माझ्याकडं बघितलं. मी त्या बघण्याला पुष्कळ वेळा उत्तर दिलेलं आहे. हे पातेलं उतरवू का, हे ताट वाढू का, माहेरचा माणूस आलाय, बसायला सांगू का. ती तोंडानं विचारत नसे, असं बघत असे, आणि मी मान हलवली की व्हायचं. आता ती विचारत होती. मी म्हणाले, "खोक, नलिनी." ती तरी थांबलीच. मी म्हणाले, "माझ्या अंगावर खोक. मी सांगायलेय."

मग ती खोकली. मी असा खोकला ऐकलेला नाही. तो एका दिवसाचा नव्हता, त्यात मागचा श्रावण होता आणि त्याच्या मागचा, आणि तो संपेना. माझ्या खांद्यावर, गळ्यावर, पदरावर फेस आला, आधी पांढरा, मग गुलाबी, जास्वंद पाण्यात चुरगळल्यासारखा. कमलम्मा मला बाजूला करायला आली, मी तिला कोपरानं सारलं. डॉक्टरनं नलिनीचे पाय खाली सोडून तिला ताठ बसवलं, दंडात सुई दिली, हवेचं लोखंडी नळकांडं ओढून आणून त्याची नळी नाकाशी लावली. "सरळ ठेवा अम्मा, आडवं करू नका." मी सरळ ठेवलं. माझे हात तिच्या पाठीमागं गेले होते, केव्हा गेले मला ठाऊक नाही, आणि तिच्या पाठीच्या मणक्यांचा एक एक मणी माझ्या बोटांना लागत होता. बाहेर ताशे जवळ आले आणि लांब गेले. हळूहळू त्या खोकल्यात जागा पडायला लागली. मग ओठांवरचा तो जांभळा रंग उतरला. डॉक्टर भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्यानं स्वतःच्या कपाळाचा घाम पुसला. "थोडं जास्त झालं असतं अम्मा," तो म्हणाला. थोडं जास्त काय झालं असतं, पाणी की वेळ की दुसरं काही, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

घरी येऊन मी नाहले. लुगडं भिजवलं. इंदुताई म्हणाल्या, असं लुगडं जाळून टाकावं हो, रोगाचं असतं. मी म्हणाले, उकळत्या पाण्यात सोडा घालून धुतलं की कुठलाही रोग जातो, तुमचं तोंड तेवढं जात न्हाई. त्या उठून गेल्या. मला त्यांचा राग नव्हता. पण त्या दिवशी कुणाशी तरी बोलायला पाहिजे होतं, आणि मला बोलायचं दुसरं येत नाही.

पुढच्या आठवड्यात उरलेलं पाणी काढायचं ठरलं. तोवर नलिनीला जरा रंग आला होता, उशीला टेकून बसत होती, लापशी खात होती. वॉर्डातला धरणारा माणूस उरुसाहून परत आला होता, रुंद खांद्यांचा, गळ्यात अजून फुलांच्या हाराचा दोरा. मी सकाळीच गेले होते, धुतलेलं लुगडं नेसून. स्टुलं मी स्वतःच समोरासमोर मांडली आणि एकावर बसले. मला वाटलं की आता मला ते तोंड वाचता येतं, एवढ्या तेवढ्या हालचालीवरनं मी डॉक्टरला थांबवीन, दुसऱ्या कुणाला ते जमणार नाही. मी तसं डॉक्टरला म्हणालेसुद्धा. तो म्हणाला, "बरोबर हाय अम्मा, तुम्हीच बसा." मग त्यानं नलिनीला विचारलं, विचारायचं म्हणून, "चालंल न्हवं?"

नलिनीनं माझ्याकडं बघितलं नाही. डॉक्टरकडं बघितलं. आणि बोलली. "आत्याबाई नकोत." कमलम्माच्या हातातली कापसाची पेटी तशीच राहिली. डॉक्टर म्हणाला, "का? त्यांनीच तर त्या दिवशी—" "व्हय," नलिनी म्हणाली, "पर त्या जवळ असल्या की मला खोकता येत न्हाई. येतच न्हाई. मी काय करू." आवाज हळू होता पण थरथरत नव्हता, आणि त्यात तक्रार नव्हती. पातेल्याला चीर आहे, पाणी ठरत नाही, असं सांगतात तसं तिनं सांगितलं. "दुसरं कुणीबी धरा," ती म्हणाली.

मला राग यायला पाहिजे होता. मी त्याची वाटही बघितली, जशी त्या दिवशी खोकला परत जायची बघितली होती. तो आला नाही. मला एवढंच दिसलं की ती बरोबर बोलतेय, आणि मी जिथं जिथं असेन तिथं तिथं ते बरोबरच राहणार आहे, मी कितीही सांगितलं, खोक बाई, माझ्या अंगावर खोक, तरी आधी ती माझं तोंड बघणार आणि तेवढ्या वेळात काय व्हायचं ते होऊन जाणार. मी स्टुलावरनं उठले. वॉर्डातला माणूस बसायला पुढं आला, त्याला मी हातानं थांबवलं आणि दार उघडलं. प्राणेश व्हरांड्यात बाकावर बसला होता, पोरांच्या पाट्या तपासतात तसा स्वतःच्या तळहाताकडं बघत. "ऊठ," मी म्हणाले, "आत जाऊन बायकोला धर." तो उभा राहिला आणि थांबला. "तू हायस न्हवं इथं," तो म्हणाला, "तूच—" "मी न्हाई इथं," मी म्हणाले. "उभा कामून राह्यलास? तोंड नीट बघ तिचं. वाचायला येतंय न्हवं तुला, मास्तर हायस." त्याला ते खरं वाटेना. त्यानं दारातून आत बघितलं, मग माझ्याकडं. मी त्याच्याकडं पाठ केली आणि चालायला लागले, तेव्हा मागं त्याच्या चपला दाराशी उतरल्याचा आवाज आला.

व्हरांड्याच्या टोकाला मी थांबले. तिथं खिडकी होती आणि आतलं सगळं ऐकू येत होतं, डॉक्टरचं ठोकून बघणं, प्राणेशचं खाकरणं. म्हणजे तिलाही माझी चाहूल लागली असती. मी पायऱ्या उतरून आवारातल्या लिंबाखाली गेले. तिथं पेशंटांच्या बायका भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या, एकजण सरकून जागा द्यायला लागली, "बसा की अव्वा," म्हणाली. तिथनंही वॉर्डाचा आवाज येत होता. मी फाटकापर्यंत गेले. फाटकात उभी राहिले तर कान आपोआप मागं लागले. मग मी रस्ता ओलांडून पलीकडच्या अंगाला गेले, जिथं टांगेवाले आणि लॉऱ्या इतका गोंगाट करतात की दवाखान्यातनं कुणी कितीही मोठ्यानं खोकलं तरी मला ऐकू येणार नाही, आणि तिथं उभी राहिले.